उथळ तळ्याचे ऋतू



दोन वर्षांपूर्वी अकरावीच्या वर्गात मी फळ्यावर एक आलेख काढला होता. आडव्या अक्षावर वर्षाचे बारा महिने, उभ्या अक्षावर तळ्यातील सूक्ष्म वनस्पतींचे प्रमाण. वसंतात एक उंच शिखर, मग एकदम उतार, उन्हाळ्याच्या अखेरीस दुसरे शिखर आणि हिवाळ्यात सपाटी. आलेख संदर्भग्रंथातला होता, नीटनेटका होता. मागच्या बाकावरून साताऱ्याच्या एका छात्राने हात वर केला. "सर, आमच्याकडे वसंतात तळं आटायला लागतं. मग हा वसंत आपल्या तळ्यात नक्की कधी येतो?"

मी उत्तर दिले, "आपल्याकडे ऊन वाढले की शैवाल वाढते. उन्हाळ्यात सर्वांत जास्त, पावसाळ्यात सर्वांत कमी." तास संपला. पण हे उत्तर मी पाहून दिलेले नव्हते, अंदाजाने दिले होते, हे मला ठाऊक होते. वर्गात अंदाजाला उत्तर म्हणून खपवणे ही शिक्षकाची मोठी चूक. ती दुरुस्त करण्यासाठी मी वर्षभर दर रविवारी सकाळी एका तळ्याच्या काठी गेलो. त्यातून जे शिकलो ते येथे मांडतो.

तळे कोणते?

मी बसवनगुडीत राहतो. मोठ्या नंदीच्या देवळापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर केंपांबुधी केरे आहे. कन्नडमध्ये केरे म्हणजे तळे. सोळाव्या शतकात केंपेगौडांनी बेंगळुरू वसवले, त्या काळातले हे तळे. त्याच्याजवळच्या उंचवट्यावर केंपेगौडांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार बुरुजांपैकी एक आजही उभा आहे. १६३८ मध्ये आदिलशाही फौजांनी हे शहर जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तेव्हाही शहर पाणी पीत होते ते अशाच तळ्यांचे. कारण बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर आहे आणि शहरातून एकही मोठी नदी वाहत नाही. पावसाचे पाणी उतारावर बांध घालून अडवायचे, एक तळे भरले की जादा पाणी खालच्या तळ्यात सोडायचे, अशी ही साखळी होती. वृषभावती नदी नंदीच्या पायाशी उगम पावते अशी येथील लोकांची श्रद्धा आहे. केंपांबुधी त्याच वृषभावतीच्या खोऱ्यात येते.

बांध घालून केलेली ही तळी उथळ असतात. आपल्या पाठातली पहिली महत्त्वाची गोष्ट हीच.

प्लवक म्हणजे काय?

पाण्याच्या प्रवाहाविरुद्ध पोहून जाण्याची ताकद नसलेले, पाणी नेईल तिकडे जाणारे जीव म्हणजे प्लवक. 'प्लँक्टन' हा शब्द १८८७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सन यांनी रूढ केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'भटकणारे'. त्यांचे दोन मुख्य गट आहेत. प्रकाश वापरून अन्न तयार करणारे ते वनस्पतिप्लवक: डायटम, हिरवी शैवाले आणि नीलहरित जीवाणू (यांनाच आपण सवयीने नीलहरित शैवाल म्हणतो). त्यांना खाणारे ते प्राणिप्लवक: रोटिफर, पाणपिसवा आणि सायक्लॉप्ससारखे वल्हेपायी जीव. प्राणिप्लवकांना लहान मासे खातात आणि लहान माशांना मोठे मासे व पक्षी.

माझी साधने साधी होती. बारीक जाळीच्या कापडाची शंकूच्या आकाराची पिशवी, तिच्या टोकाला बाटली, दोरी बांधलेली बादली, थर्मामीटर आणि एक काळी-पांढरी रंगवलेली पत्र्याची तबकडी. तबकडी पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली दोरीवरच्या गाठींनी मोजायची. ही युक्ती १८६५ मध्ये इटालियन धर्मगुरू व खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी समुद्रावर पद्धतशीरपणे वापरली. आजही जगभर पाण्याची पारदर्शकता अशीच मोजतात. रविवारी आणलेला नमुना सोमवारी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली जाई.

पुस्तकातला वसंत कोठून आला?

फळ्यावरचा तो आलेख खोटा नव्हता. १९८६ मध्ये उलरिक झोमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातील तळ्यांच्या अभ्यासातून प्लवकांच्या वर्षाचे २४ टप्प्यांत वर्णन केले. त्यातले मुख्य उदाहरण आल्प्सच्या पायथ्याचे खोल कॉन्स्टन्स सरोवर. तिथे हिवाळ्यात प्रकाश कमी आणि पाणी तळापर्यंत ढवळलेले असते. वसंतात ऊन वाढते, वरचे पाणी तापून हलके होते आणि थंड पाण्यावर तरंगत राहते. या वरच्या थरात प्रकाश आणि खतद्रव्ये दोन्ही मिळाल्याने शैवाल झपाट्याने वाढते. मग पाणपिसवा वाढतात आणि शैवाल चरून टाकतात. काही आठवडे पाणी आरशासारखे स्वच्छ होते. नंतर अन्न संपल्याने आणि मासे वाढल्याने पाणपिसवा घटतात आणि खायला कठीण अशी शैवाले माजतात.

आता हे गणित आपल्या तळ्याला लावून पाहा. बेंगळुरूत थंडीतही पाणी गोठत नाही आणि प्रकाश वर्षभर पुरेसा असतो. त्यामुळे तिकडे ऋतू ठरवणाऱ्या दोन मुख्य गोष्टी, प्रकाश आणि तापमान, येथे फारशा बदलतच नाहीत. तरीही माझ्या बाटलीतले जीव महिन्यागणिक बदलत होते. म्हणजे त्यांना बदलणारे काहीतरी दुसरे होते.

पहिला हुकूम वाऱ्याचा

मी जूनमध्ये सुरुवात केली. बेंगळुरूत आषाढातला वारा प्रसिद्ध आहे. जून ते ऑगस्ट पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो, पाऊस मात्र मध्यम. तळे तपकिरी दिसत होते आणि तबकडी हातभर जाण्याआधीच दिसेनाशी होई. सूक्ष्मदर्शकाखाली डायटम भरपूर होते. विशेषतः मेलोसिरासारख्या, नळकांडी एकापुढे एक जोडल्यासारख्या साखळ्या.

डायटमच्या पेशीभोवती सिलिकाचे, म्हणजे काचेच्याच जातीच्या पदार्थाचे कवच असते. ते जड असते. पाणी शांत असेल तर डायटम तळाशी बसतात. वारा पाणी ढवळत असेल तरच ते प्रकाशात राहतात. उथळ तळ्यात वारा थेट गाळापर्यंत पोहोचतो, म्हणून गाळात बसलेले डायटमही पुन्हा वर येतात. गढूळ पाण्यातल्या अंधुक प्रकाशातही त्यांचे भागते.

मग ऑगस्टमध्ये वारा अचानक पडला. सलग काही दिवस ढग नाहीत, पाऊस नाही, पाणी तेलासारखे स्थिर. त्या रविवारी काठाशी हिरव्या रंगाची साय आली होती. सूक्ष्मदर्शकाखाली मायक्रोसिस्टिस या नीलहरित जीवाणूच्या वसाहती दिसल्या. माझ्या उत्तराप्रमाणे ही साय एप्रिल-मेमध्ये यायला हवी होती. ती ऐन पावसाळ्यात आली. पुढच्या आठवड्यात वारा परतला आणि साय गेली.

याचे कारण समजून घ्या. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्यापुढे तापवत गेलो की ते हलके होते, पण सारख्या प्रमाणात नाही. ४ वरून ५ अंशांवर जाताना घनतेत जो फरक पडतो, त्याच्या तीसपटीहून जास्त फरक २९ वरून ३० अंशांवर जाताना पडतो. म्हणून आपल्या कोमट तळ्यात वरच्या आणि खालच्या पाण्यात एक-दोन अंशांचा फरक असला तरी थर पडतात. दुपारी थर पडतो, रात्री वरचे पाणी गार होऊन खाली जाते आणि थर मोडतो. कॉन्स्टन्समध्ये वर्षातून एकदा घडणारी गोष्ट आपल्याकडे शांत हवेत रोज घडते. मायक्रोसिस्टिसच्या पेशींत वायूने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यांच्या जोरावर तो वर तरंगतो. दिवसा तयार झालेल्या शर्करेच्या वजनाने तो खाली जातो, रात्री ती शर्करा वापरली गेली की पुन्हा वर येतो. ढवळत्या पाण्यात या कौशल्याचा उपयोग नाही. स्थिर पाण्यात मात्र तो सर्वांच्या वर बसून प्रकाश अडवतो आणि खालच्यांना अंधारात ठेवतो.

म्हणजे हरित साय ठरवण्यात महिन्यापेक्षा शांत दिवसांची संख्या मोठी.

दुसरा हुकूम पाण्याच्या मुक्कामाचा

बेंगळुरूत वर्षाला साधारण ९७ सेंटिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असतो. एका रात्री मुसळधार पाऊस झाला. सकाळी जाळीत जवळजवळ काहीच नव्हते, फक्त रेतीचे कण आणि पालापाचोळा. प्लवक मेले नव्हते, सांडव्यावरून वाहून गेले होते.

कोणत्याही जीवाची वाढ ही जन्म वजा घट असते. पाणी तळ्यात महिनाभर मुक्काम करत असेल तर सावकाश वाढणाऱ्या जातीही टिकतात. पाणी दोन-तीन दिवसांत बदलत असेल तर एका दिवसात दुप्पट होणारेच टिकतात. पावसानंतरच्या आठवड्यात मला हेच दिसले. आधी बारीक, एकपेशीय हिरवी शैवाले आली आणि त्यांच्यामागून रोटिफर. रोटिफरची मादी नराशिवाय अंडी घालते आणि पिल्लू दोन-चार दिवसांत स्वतः अंडी घालू लागते. पाणपिसवांना त्याहून जास्त दिवस लागतात, म्हणून त्या मागून आल्या.

तिसरा हुकूम खाणाऱ्यांचा

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ मला सर्वांत आवडला. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळापुढे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा, कडलेकाई परिषे, भरते. त्या सुमाराला पाऊस ओसरलेला आणि हवा गार असते. तबकडी वर्षातली सर्वांत खोल गेली ती याच दिवसांत. हिरव्या शैवालांत चार-चार पेशींच्या ओळीची सीनडेस्मस आणि चक्राकार नक्षीची पेडियास्ट्रम होती. आणि सेरिओडॅफ्निया ही लहान पाणपिसूही होती.

पण पुस्तकातली मोठी डॅफ्निया मला वर्षभरात जवळजवळ दिसली नाही. १९६५ मध्ये जॉन ब्रुक्स आणि स्टॅन्ली डॉडसन यांनी अमेरिकेतील तळ्यांवरून दाखवून दिले, की प्राणिप्लवक खाणारे मासे तळ्यात आले की मोठ्या आकाराचे प्राणिप्लवक नाहीसे होतात आणि लहान उरतात. मासे डोळ्यांनी शोधून खातात, म्हणून मोठा जीव आधी सापडतो. उष्ण प्रदेशात लहान मासे वर्षभर असतात. आपल्या बहुतेक तळ्यांत तिलापियाही आहे आणि तो वर्षातून अनेकदा विणतो. त्यामुळे शैवाल चरून पाणी स्वच्छ करणारी मोठी फौज येथे उभीच राहत नाही. तिकडचा स्वच्छ पाण्याचा टप्पा इकडे ठळक दिसत नाही, याचे हे एक मोठे कारण.

येथे माझ्या पद्धतीतला दोषही सांगतो. मी नेहमी सकाळी, काठावरून नमुना घेत होतो. एकदा सूर्यास्तानंतर घेतला तेव्हा सायक्लॉप्स कितीतरी जास्त निघाले. माशांना चुकवण्यासाठी ते दिवसा तळाशी राहतात आणि अंधारात वर येतात. टेहळणी एकाच वेळी, एकाच चौकीवरून केली तर शत्रूचे बळ चुकीचे कळते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. शिवाय सर्वांत बारीक पेशी माझ्या जाळीतून निसटत होत्या. त्यांच्याबद्दल मी येथे फारसे बोलत नाही, ते त्यामुळेच.

रसद कोठून येते?

फेब्रुवारी ते मे पाणी उतरत गेले, ऊन वाढले, सकाळी वारा नसे. आता मायक्रोसिस्टिसची साय पुन्हा आली आणि ठाण मांडून बसली. सोबत ब्रॅकिओनस हे रोटिफर पुष्कळ होते. म्हणजे माझे मूळ उत्तर अर्धे बरोबर होते. पण कारण केवळ ऊन नव्हते. शांत पाणी, लांबलेला मुक्काम, मोठ्या चरणाऱ्यांचा अभाव आणि भरपूर रसद, हे सारे एकत्र आले होते.

रसद म्हणजे नत्र आणि स्फुरद. खोल सरोवरात उन्हाळ्यात वरच्या थरातली रसद संपते, कारण मेलेले प्लवक खोल बुडतात आणि त्यांच्यातली द्रव्ये खालीच अडकतात. उथळ तळ्यात गाळ जवळच असतो. गाळातला प्राणवायू संपला की लोहाशी बांधलेला स्फुरद सुटतो आणि परत पाण्यात येतो. त्यात सांडपाणी मिसळले तर बारा महिने रसद पोहोचत राहते. मग पावसाने आणलेल्या खताचे महत्त्व उरत नाही. अशा तळ्यात ऋतू ठरवतात ते वारा, मुक्काम आणि खाणारे.

महाराष्ट्रातले एक उदाहरण घ्या. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा त्यात मीठ आवडणारे हॅलोआर्किया गटाचे सूक्ष्मजीव आढळले. उन्हाळ्यात पाणी आटून क्षारता वाढली आणि ते माजले. पावसाने पाणी वाढल्यावर रंग गेला. तेथे हुकूम चालला तो क्षारतेचा. प्रत्येक तळ्याला आपला एक मुख्य हुकूम असतो आणि तो आधी शोधावा लागतो.

मे महिन्यातली एक पहाट

हे सारे अभ्यासापुरते नाही. मे महिन्यात वळवाचा जोरदार पाऊस झाल्यानंतर दुसऱ्या पहाटे मी दुसऱ्याच एका लहान तळ्याजवळून जात होतो. पाण्यावर शेकडो मासे पोट वर करून तरंगत होते. काठावरचे लोक म्हणत होते, कोणीतरी विष टाकले असेल.

विषाशिवायही हे घडू शकते. समुद्रसपाटीवर २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. बेंगळुरूच्या उंचीवर त्याहूनही कमी. दिवसा शैवाल प्राणवायू देते, रात्री तेच शैवाल श्वसनासाठी घेते. दाट हिरव्या तळ्यात म्हणूनच पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्यात वळवाच्या पावसाने गटारांतला साचलेला मैला तळ्यात आणला, गाळ ढवळला आणि तो कुजवणाऱ्या जीवाणूंनी उरलासुरला प्राणवायू घेतला, तर सूर्य उगवण्यापूर्वीच मासे गुदमरतात. मार्च २०१६ मध्ये याच शहरातील हलसूर तलावात हजारो मासे मेले होते. १९ जानेवारी २०१८ रोजी बेळ्ळंदूर तलावावर आग लागली, तेव्हा ती विझवायला लष्कराचे सुमारे पाच हजार जवान उतरले. पाण्यावर आग लागते हे ऐकायला विचित्र वाटते, पण अति रसदीने माजलेली जलपर्णी व गवत वाळले की ते जळणच असते.

यावर उपाय काय? बहुतेकांना वाटते की साय काढली, गाळ उपसला, झाले. १९९३ मध्ये हॉलंडच्या मार्टेन शेफर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले की उथळ तळे दोन अवस्थांत स्थिर राहू शकते: पाणवनस्पती असलेले स्वच्छ, किंवा प्लवकांनी भरलेले गढूळ. एकदा ते गढूळ झाले की रसद थोडी कमी करून भागत नाही. ज्या पातळीला ते बिघडले त्याहून बरीच खाली रसद आणावी लागते. म्हणून सांडपाणी अडवणे हे पहिले काम. तळाशी मुळे धरणाऱ्या वनस्पती आणि समतोल मत्स्यसंख्या हे त्यानंतरचे. केवळ दिसायला छान म्हणून काठापर्यंत काँक्रीट करणे हा उपाय नव्हे.

जवानाने लक्षात ठेवावे असे

हिरवी साय आलेले पाणी कितीही तहान लागली तरी पिऊ नये. मायक्रोसिस्टिसच्या काही प्रकारांत यकृतावर घाला घालणारे विष असते आणि ते उकळल्याने जात नाही.

दुसरी गोष्ट नारूची. तुमच्या आजोबांना विचारा. पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी पिऊन महाराष्ट्रातही माणसांना नारू होत असे. त्याच्या अळ्या सायक्लॉप्सच्या पोटात असत. त्यावर ना लस होती ना औषध. पाणी दाट विणीच्या फडक्यातून गाळणे, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करणे आणि रुग्णाला पाण्यात उतरू न देणे, एवढ्यावर हा रोग हटला. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त जाहीर केला. एका प्राणिप्लवकाची सवय नीट ओळखल्यामुळे हे शक्य झाले.

वर्ष संपल्यावर मी त्या वर्गात पुन्हा गेलो. तो छात्र आता बारावीत होता. मी फळ्यावर जुना आलेख काढला, त्याच्या शेजारी आमच्या तळ्याचा काढला आणि सांगितले, "गेल्या वर्षी मी दिलेले उत्तर अपुरे होते." मग आम्ही चार प्रश्न लिहिले. तुमच्या गावच्या तळ्यालाही तेच विचारा: वारा किती दिवस थांबतो? पाणी किती दिवस मुक्काम करते? शैवाल कोण खातो आणि त्या खाणाऱ्याला कोण खातो? रसद कोठून येते?

सुट्टीत घरी जाल तेव्हा एक तबकडी रंगवा, दोरीला गाठी मारा आणि मोठ्यांना सोबत घेऊन, काठावरूनच, आठवड्यातून एकदा नोंद करा. तारीख, वेळ, वारा, पाऊस, पाण्याचा रंग आणि तबकडीची खोली. वहीत अंदाज लिहायचा असेल तर त्यापुढे 'अंदाज' असे स्पष्ट लिहा. परत आल्यावर वही मला दाखवा. केंपांबुधीची वही मी प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली आहे. तुलना करून पाहू.